मी खारीला उडायला शिकवलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. वीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवलेली मी बाई, एकदा एका उडत्या खारीला उडायला शिकवायला निघाले. नुसती निघाले नाही. अडीच महिने, रविवार धरून, रोज शिकवलं.

मासोळीला पोहणं शिकवण्यासारखंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्याहून वाईट झालं आहे, ते पुढे येईलच.

गडचिरोली जिल्हा तेव्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साग आणि ऐनाच्या जंगलात आमचं गाव. दिवसाला दोन एसट्या. शाळेमागे माझं कौलारू घर, घरामागे मोहाचं झाड, आणि कुंपणापलीकडे तानीबाई आणि तिचा नवरा लालसूदादा.

आमचे हे, गावाचे मास्तर, जाऊन आठ महिने झाले होते. शाळा सुटली की मी घरी यायचे, दिवेलागणीला विहारात वंदनेला जायचे, परत येऊन भात खायचे आणि आठाच्या आत कंदील बारीक करून झोपायचे. बोलणं काय ते शाळेत, तेही पुस्तकातलं. तक्रार नव्हती. असंच असतं, असं धरून चालले होते.

जानेवारीत एका संध्याकाळी तानीबाई आली. मागे लालसूदादा, हातात गुंडाळलेला दुपट्टा. लालसूदादा म्हणजे वर्षाकाठी वीस-पंचवीस वाक्यं बोलणारा माणूस. जंगलात सरकारी तोडीवर कामाला जायचा. त्या दिवशी ऐनाचं एक पोकळ झाड पडलं आणि त्याच्या ढोलीतून हे बाहेर आलं.

दुपट्ट्यात मांजराच्या पिल्लाएवढी खार होती. राखट तपकिरी. डोळे चेहऱ्याला न परवडणारे. शेपूट अंगाहून लांब, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना सैल कातडी, शिंप्यानं माप चुकवून झबलं शिवावं तशी.

"उडती खार हाये, बाई," तानीबाई म्हणाली. "माय पळाली तिची. तुमी ठेवा."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"तुमच्यापाशी पुस्तकं हायेत. आमीच ठेवली असती, पण घरी मांजर हाये ना जी."

तानीबाईकडे मांजर नव्हतं. हे मला तीन दिवसांनी आठवलं.

यांची खांद्याला अडकवायची झोळी खुंटीला होती तशीच लटकत होती. मी तिला हात लावला नव्हता. खार दुपट्ट्यातून निघाली, भिंतीवरून सरसर चढली आणि झोळीत शिरून वेटोळं करून झोपली. कोणाला विचारलंसुद्धा नाही. मग मी झोळी तशीच लटकू दिली.

आठवड्याभरात जंगलखात्याचा गार्ड रामटेके सायकलवरून हजर. त्याची मुलगी माझ्या वर्गात, म्हणून त्यानं आधी पाणी मागितलं आणि मग कायदा काढला.

"बाई, जंगलातला जीव घरी ठेवता येत नाई."

"मग घेऊन जा."

"कुठी नेऊ? आत्ता सोडली तर घुबड उचलते तिले. मी वर लिहून दिलं आहे. मार्चअखेर रेंजर साहेब येतीन. खार उडत असन, आपलं पोट भरत असन, तर इथंच जंगलात राहीन. नाई तर शहरात, प्राणिसंग्रहालयात."

"पिंजऱ्यात?"

"पिंजऱ्यातच ना, बाई. तिथं काय तिले खोली देतीन?"

असा एक पिंजरा मी पाहिला होता, लग्नाला वर्ष झालं असेल तेव्हा, यांच्यासोबत. आतलं अस्वल एकाच फरशीवर उभं राहून डावी-उजवीकडे डोलत होतं. पाच मिनिटं आम्ही पाहिलं. मग हे म्हणाले, "चल, बाकीचं नाही बघायचं." आणि आम्ही बाहेर येऊन एसटीची वाट बघत बसलो होतो.

तेव्हा प्रश्न सरळ होता. मार्चअखेरपर्यंत खार उडाली पाहिजे. आणि जे येत नाही ते यायला लागण्याचा मला एकच मार्ग माहीत होता. शिकवणं.

प्राथमिक शिक्षक टाचण काढल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवत नाही. आज काय शिकवणार, कसं शिकवणार, मुलांना आलं की नाही, सगळं आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. मी कोरी वही घेतली, समास आखला आणि लिहिलं. विषय: उड्डाण. उद्दिष्ट: विद्यार्थिनीस एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता येणे. साधने: शिडी, मोहाचे झाड, पेरू. वेळ: सायंकाळी सव्वापाच ते सहा.

सव्वापाच का? अहो, पाचला शाळा सुटायची. सहानंतर मला विहारात जायचं असायचं. मधला वेळ मोकळा होता. शिकवण्याची वेळ शिकवणाऱ्याच्या सोयीनं ठरते, हे तुम्हाला माहीत नाही का?

पहिल्या दिवशी मी मोहाला शिडी लावली, पदर खोचला, झोळीतून खार काढली आणि सहा पायऱ्या चढून तिला फांदीवर ठेवली. ती तिथंच झोपली. मी पेरू दाखवला. एक डोळा उघडला आणि मिटला. मग मी हलकेच ढकललं.

धप्प. पाला होता म्हणून बरं. खार पाल्यातच अंग चोरून पुन्हा झोपली.

कुंपणापलीकडून आवाज आला, "बाई, काय करून राह्यल्या जी?"

"शिकवतेय."

"कोणाले?"

"हिला. उडायला."

तानीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आकाशाकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि एक जाडजूड दुहेरी गोधडी घेऊन आली. दोन टोकं तिनं धरली, दोन लालसूदादानं, आणि दोघं शिडीखाली उभे राहिले.

"एवढ्याशा जिवाला एवढी गोधडी कशाला? टॉवेल पुरे."

"राहू द्या जी. तुमी चढा."

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम. खार फांदीवर, मी शिडीवर, दोघं खाली गोधडी ताणून. मी करून दाखवायलाही कमी केलं नाही. पदराची दोन टोकं दोन हातांत घेऊन, सातव्या पायरीवर उभं राहून, हात पसरून दाखवायचे. "बघ. असं. अंग सैल सोडायचं आणि झेप घ्यायची. इकडे बघ, भिंतीकडे काय आहे?" खार गोधडीत पडायची, सुरनळी व्हायची आणि घोरायची. खार घोरते की नाही मला ठाऊक नाही. ही घोरायची.

टाचणाच्या शेवटच्या रकान्यात मी खरं तेच लिहीत गेले. 'विद्यार्थिनी पेंगते.' 'विद्यार्थिनी पाठ सुरू असताना झोपी गेली.' 'समज दिली. परिणाम नाही.' फेब्रुवारीच्या मध्याला तर लाल शाईनं लिहिलं, 'मुळात इच्छाच नाही.'

चिडायची मी. आवाज चढायचा. "तुला पिंजऱ्यात जायचंय का? सांग तसं, म्हणजे मीही शिडी चढायची थांबते." हळूहळू कुंपणाशी माणसं जमायला लागली. मोह वेचून येणाऱ्या बाया टोपली खाली ठेवून उभ्या राहायच्या. कोणी हसलं नाही हं. एकदासुद्धा नाही. उलट मला धीर द्यायचे.

"येईन, बाई, येईन. आज पाय हालवला तिनं."

"कालच्यापेक्षा बरी पडली आज."

मला वाटायचं, गावाला शिक्षणाची काय कदर आहे.

काही गोष्टी खटकायच्या, नाही असं नाही. रात्री ठेवलेला पेरू सकाळी तसाच असायचा, पण खारीचं पोट गोल. झोळीत मोहाची फुलं सापडायची. छपराचं एक कौल सारखं सरकायचं. लालसूदादाला सांगून तीनदा नीट बसवून घेतलं, तीनदा ते पुन्हा सरकलं. मी म्हटलं वाऱ्यानं, माकडांनी. गावातल्या पपया कोणीतरी कुरतडत होतं. तानीबाई म्हणायची, "उंदरं जी." सरपंचाच्या परसात, पंधरा हात उंच झाडावर, उंदरं. मी चौथीला प्राणिजीवन शिकवायचे, तरी मान्य केलं.

मार्चचा शेवटचा शनिवार आला. सकाळची शाळा. चार वाजता धुरळा उडवत जीप आली. रेंजर साहेब शांत, चष्मा लावणारे, अमरावतीकडचे. रामटेके मागे ताठ उभा. अख्खं गाव परसात.

"बाई, मला एवढंच बघायचं आहे," साहेब म्हणाले. "उडते की नाही."

मी शिडी चढले. एक पायरी चुकता चुकता राहिली, ते गोधडीवाल्यांनी पाहिलं असावं, कारण दोघं एक पाऊल पुढे सरकले. खार फांदीवर ठेवली. तिच्या कानात म्हटलं, "आजचा दिवस. मग आयुष्यभर झोप."

तिनं आयुष्यभराची झोप तिथंच सुरू केली. मी ढकललं. धप्प.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रामटेके, लिहा. उडण्यास असमर्थ."

मी शिडीवरून उतरले. विद्यार्थी नापास होतो तेव्हा निकालपत्रक वाचून दाखवायला बाईच उभी राहते. खार उचलली, झोळीत नेऊन ठेवली आणि पाटावर बसून तिच्या प्रवासाची तयारी करायला लागले. दोन पेरू, थोडी मोहाची फुलं, ऐनाची साल. ती काय खाते याची यादी लिहिली, म्हणजे तिथल्या माणसांना अडचण नको.

बाहेर मात्र काहीतरी विचित्र चाललं होतं.

"साहेब, चहा घेऊन जा," तानीबाईचा आवाज. चहा झाला. "साहेब, आमच्या घरचा नाई घेतला." तोही झाला. मग सरपंचाकडचा. मग कोणीतरी सांगितलं, कोंबडी शिजायला टाकली आहे, अशा वेळी उठून गेलं तर गावाला वाईट वाटते. साहेब घड्याळ बघत होते, आणि लालसूदादा बोलत होता.

लालसूदादा. मी खिडकीतून डोकावले. तो साहेबांसमोर उकिडवा बसून एका अस्वलाची गोष्ट सांगत होता. अस्वल मोहावर चढलं, उतरलं, नाल्यावर गेलं, परत आलं, दुसऱ्या मोहावर चढलं. गोष्टीला शेवट नव्हता. साहेब "मग?" म्हणायचे आणि अस्वल पुन्हा नाल्यावर जायचं. दहा वर्षांची वाक्यं त्या माणसानं एका संध्याकाळी खर्च केली.

मला वाटलं, बिचारे दयेची भीक मागताहेत. बाहेर येऊन मी कडक आवाजात म्हटलं, "तानीबाई, साहेबांना अडवू नका. त्यांचं काम त्यांना करू द्या. उजेड आहे तोवर निघालेलं बरं."

"बाई, तुमी आत बसा ना जी," तानीबाई म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मला दटावलं.

सूर्य मावळला. कोंबडीही संपली. साहेब उठले. "आणा बाई."

मी आत गेले, झोळीत हात घातला. झोळी रिकामी.

बाहेर आले तेव्हा माझा चेहराच सांगत असावा. "नाही आहे. झोळीत नाही."

साहेबांचा आवाज बदलला. "नाही म्हणजे? कोणी काढली?"

"वर पाहा जी," तानीबाई म्हणाली.

छपरावर, त्या सरकलेल्या कौलाशेजारी, ती बसली होती. टक्क जागी. डोळे असे, की हीच का ती, असं वाटावं. तिनं तोंडावरून दोन हात फिरवले, छपरावरून मोहावर उडी टाकली, बुंध्यावरून थेट शेंड्यापर्यंत चढली आणि क्षणभर थांबली.

मग तिनं अंग सोडलं.

काय सांगू. सुपाएवढा एक चौकोन हवेत उलगडला. शेपूट मागे सरळ. आवाज नाही, घाई नाही. जीपवरून, साहेबांच्या टोपीवरून, सगळ्या वळलेल्या मानांवरून ती तरंगत गेली आणि हातपंपाजवळच्या चिंचेच्या खोडाला जाऊन चिकटली. पन्नास-साठ पावलांचं अंतर. मी नंतर मोजलं.

सगळ्यात आधी मीच बोलले, आणि किती मोठ्यानं बोलले ते विचारू नका. "पास. साहेब, पास झाली. बघितलंत ना?"

इथं थांबायला हवं होतं. पण यश डोक्यात गेलं की माणूस थांबतो का? मी धावत जाऊन वही आणली आणि साहेबांपुढे उघडली. "हे बघा. अडीच महिन्यांचं टाचण. रोजचा पाठ. फळ आज मिळालं. शेवटी पद्धतशीर शिकवलं, की येतंच."

साहेबांनी कंदिलाच्या उजेडात पानं उलटली. सावकाश. मधे त्यांच्या मिश्या हलल्या.

"म्हणजे आज पहिल्यांदा उडाली ही?"

"हो."

तानीबाईला खोकला आला. मग सरपंचाला आला. मग सगळ्या परसाला एकदम खोकल्याची साथ आली.

"साहेब," तानीबाई म्हणाली, "रोजच उडते जी. महाशिवरात्रीपासून. बाई विहारात गेल्या का निघते, उजाडायच्या आत परत येते. आमी सारे पाहतो ना."

"माह्या दोन पपया खाल्ल्या तिनं," सरपंच अभिमानानं म्हणाले.

"माहा आंब्याचा मोहोर."

"आमच्या मोहावर तर रोजच राहते."

एकेक जण पुढे येऊन आपलं नुकसान सांगत होता, जणू बक्षीस घ्यायला. लालसूदादानं दिवसाचं शेवटचं वाक्य टाकलं. "कौल मीच सरकवून देतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हा निशाचर प्राणी आहे. दिवसा झोपतो. तुम्ही शिकवत कधी होता?"

"सव्वापाचला," मी म्हटलं. आणि म्हणतानाच मला कळलं. घुबड, वटवाघूळ, निशाचर प्राणी, धडा सातवा. वीस वर्षं शिकवत होते मी तो धडा.

"मग ती गोधडी?" मी तानीबाईला विचारलं. "तिला उडता येत होतं, तर तुम्ही दोघं रोज गोधडी कशाला धरत होतात?"

"खारीसाठी कोण धरते जी? तुमी पडसान म्हणून."

आता मात्र परस हसलं. अडीच महिन्यांचं साठवलेलं एकदम हसलं. साहेबांचा ड्रायव्हर जीपच्या चाकाला धरून हसत होता.

"पण सांगायचं तरी," मी म्हटलं.

तानीबाई पदरानं डोळे पुसत होती. "कसं सांगाव? मास्तर गेले तवापासून तुमी कोणावर ओरडल्याच नवत्या. म्हटलं, ओरडून राह्यल्या तर ओरडू द्या."

 

साहेबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. आवाज खाली आणून म्हणाले, "ही आत ठेवा, बाई. फार आत. शिकवलेला प्राणी म्हणजे पाळीव प्राणी. ही वही कोणी वाचली तर मला तिला शहरात पाठवावंच लागेल."

"आणि नाही वाचली तर?"

"तर ती जंगली आहे. दिवसा तुमच्याकडे झोपायला येते, एवढंच. उद्या ती झोळी झाडाला बांधा, म्हणजे तेही राहणार नाही."

त्यांनी जीपच्या टपावर कागद ठेवला, रामटेकेनं कंदील धरला आणि पंचनामा सुरू झाला. पंच तानीबाई आणि लालसूदादा. साहेब बोलत होते, रामटेके लिहीत होता. 'सदर उडती खार आम्हां पंचांसमक्ष मोहाच्या झाडावरून चिंचेच्या झाडावर स्वतःहून गेली. ती स्वतःचे अन्न स्वतः मिळवते. तिला उडण्यास कोणीही शिकविलेले नाही. शिक्षिकेने केलेल्या प्रयत्नांचा तिच्यावर कोणताही परिणाम झालेला नाही.'

"साहेब, 'कोणताही' हा शब्द गाळता येईल का?" मी विचारलं.

"नाही, बाई. थोडासा जरी परिणाम झाला असेल, तरी पिंजरा."

चिंचेवर काहीतरी कुरतडल्याचा आवाज येत होता. एक टरफल माझ्या पायाशी पडलं.

दोन अंगठे उठले. मग मी पेन घेतलं आणि आयुष्यात कधी नाही इतक्या सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा लिहिला, सहायक शिक्षिका. आणि कोणी सांगितलं नव्हतं तरी त्याच्या वर लिहिलं, 'वाचून पाहिले. बरोबर आहे.'